बुराक, दुलदुल, पंजा, ७८६: मुस्लिम पोस्टरमधल्या चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात राजवाड्याच्या जवळ आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. गणपती, स्वामी समर्थ, आजोबांचे फोटो, पोरांच्या डिग्र्या हे सगळं येतंच, पण बंबई बाजार आणि रानीपुरा पायी अंतरावर, त्यामुळे काबा, मदिना, अजमेर, ताजिये, बुराक हेही रोजचंच. आणि मग आपला फोटो घ्यायला आलेला मराठी माणूस काउंटरवर पडलेल्या पोस्टरकडे बोट दाखवून हळूच विचारतो, काका हे काय हो? तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की म्हटलं एकदाच लिहून टाकू. मी मौलवी नाही. काय चालतं आणि काय नाही याचा निकाल हवा असेल तर जाणकाराकडे जा, इथं फक्त चित्रात काय काढलंय आणि का तेवढंच सांगतोय.

मुसलमानांत चित्र काढायला बंदी आहे ना? मग एवढी पोस्टरं कुठून आली?

हा पहिला प्रश्न, आणि तो मुसलमान गिऱ्हाइकंही विचारतात. मूर्तिपूजेच्या विरोधात कुराणात खूप काही आहे पण चित्र काढू नका अशी सरळ आयत, म्हणजे कुराणातलं वचन, नाही, चित्रं काढणाऱ्यांबद्दलचे कडक शब्द आहेत ते हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरसाहेब काय बोलले, कसे वागले याच्या ज्या नोंदी आहेत त्यात. त्यावरून बरेच उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सांगतात की जीव असलेल्याचं चित्र नको, झाडं, इमारती, अक्षरं चालतील. पण जग मोठं आहे. तुर्कस्तानात सुलतान तिसरा मुराद याच्यासाठी १५९५ च्या सुमारास पैगंबरांचं एक सचित्र चरित्र तयार झालं, त्यात पैगंबर आहेत पण चेहऱ्यावर पांढरा पडदा. इराणात पैगंबरांचे जावई हजरत अली यांची चेहऱ्यासकट पोस्टरं भिंतीवर दिसतात. आपल्याकडे पैगंबरांचं चित्र कोणी छापत नाही आणि कोणी मागतही नाही, मागूही नका.

मग आपल्याकडच्या चित्रकारांनी काय केलं, तर जे काढायचं नाही ते सोडलं आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं काढलं. स्वार नाही, वाहन आहे. पाय नाहीत, चप्पल आहे. माणूस नाही, त्याच्या कबरीवरचा घुमट आहे. हे एकदा लक्षात आलं की निम्मी पोस्टरं आपली आपण वाचता येतात, बाकीच्या प्रश्नांतही हेच पुन्हा पुन्हा येणार आहे.

आणि हो, सगळ्या घरांत सारखं नसतं. दर्गा, उर्स मानणाऱ्या घरात अजमेरचं पोस्टर हॉलमध्ये असतं, देवबंदी किंवा अहले हदीस अशा, दर्ग्याच्या प्रथांना नाही म्हणणाऱ्या विचारांच्या घरात फक्त आयत, कधी तीही नाही, नुसतं घड्याळ. एकाच कुटुंबात आजीला बुराक हवा असतो आणि नातू म्हणतो दादी ये सब नहीं लगाते. अशा वेळी आम्ही गप्प बसून पट्टी कापतो.

पंख आहेत, अंग घोड्याचं, तोंड बाईचं. ही कामधेनू आहे का?

नाही, पण घोटाळा होणं साहजिक आहे कारण कॅलेंडरवाल्या कामधेनूलाही बाईचं तोंड, पंख आणि मोराचं शेपूट असतं. हा बुराक. पैगंबरसाहेबांचा जो रात्रीचा प्रवास झाला, मक्केहून जेरुसलेमच्या अक्सा मशिदीपर्यंत आणि तिथून वर आसमानात, त्याला मेराज म्हणतात, रज्जब महिन्याच्या २७ व्या रात्री तो मानतात. त्या प्रवासातलं वाहन म्हणजे बुराक. मजा अशी की हदीसमध्ये वर्णन अगदी साधं आहे, पांढरं जनावर, गाढवापेक्षा मोठं आणि खेचरापेक्षा लहान, एका पावलात नजर पोचेल तितकं अंतर जाणारं. बाईचं तोंड तिथं नाहीच. ते नंतर आलं, इराणी आणि मध्य आशियाई चित्रकारांच्या हातून, आणि मोराचं शेपूट आपल्या बाजूच्या चित्रकारांचं लाडकं.

माझ्याकडे खणात एक जुनं पोस्टर ठेवलंय ते नीट बघण्यासारखं आहे. अंग पांढरं पण सावलीत गुलाबी मारलेलं, डोक्यावर मुकुट, गळ्यात मोत्यांचे सर, भुवया कोरलेल्या आणि डोळे अगदी साठ-सत्तरच्या हिरोइनीसारखे, काजळ बाहेरपर्यंत ओढलेलं. पाठीवर लाल खोगीर, त्याला सोनेरी झालर, आणि खोगिरावर कोणी नाही. सगळं चित्र त्या रिकाम्या खोगिराभोवती रचलंय, ढग तिकडेच वळतात, वरून उजेडाचा झोतही बरोबर तिथंच पडतो. एका कोपऱ्यात काबा, दुसऱ्यात सोनेरी घुमट, म्हणजे कुठून निघाले आणि कुठं पोचले.

तो सोनेरी घुमट म्हणजे अक्सा मशीद असं सगळे समजतात, छापणारेही. तो खरं तर त्याच आवारातला गुंबद-ए-सखरा, खडकावरची इमारत, सातव्या शतकाच्या शेवटी बांधलेली. अक्सा मशिदीचा घुमट करड्या रंगाचा आहे, चित्रात उठून दिसत नाही, त्यामुळे पोस्टरवाल्यांनी सोन्याला पसंती दिली.

पांढरा घोडा, अंगात बाण घुसलेत, रक्त, आणि वर स्वार नाही. हा कोणाचा?

करबलाचा. १० मोहरम, हिजरी ६१, म्हणजे १० ऑक्टोबर ६८०, इराकमध्ये फरात नदीजवळच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसैन आणि त्यांचे सोबती, ७२ म्हणून धरतात, यझीदच्या फौजेकडून मारले गेले, तीन दिवस पाणी बंद होतं. हुसैन पडल्यावर घोडा एकटाच तंबूकडे परत आला, बायकांनी खोगीर रिकामं बघितलं आणि त्यांना कळलं. पोस्टरमध्ये तोच क्षण असतो.

नावाचा गोंधळ आहे. हुसैनांच्या घोड्याचं नाव जुलजनाह. दुलदुल ही पैगंबरांची खेचर, इजिप्तहून भेट आलेली, पुढे हजरत अलींकडे गेली. पण हिंदुस्थानात लोकांच्या तोंडी दोन्ही एकत्र झालेत आणि मोहरमच्या जुलुसात जो सजवलेला घोडा निघतो त्याला सर्रास दुलदुलच म्हणतात. कोणाला दुरुस्त करायला जाऊ नका, हजार वर्षांचा शोक चालू असताना खेचर की घोडा हा वाद कोणाला घालायचाय.

इंदूरकरांनी एक गोष्ट माहीत करून घ्यायला हवी. चित्रकार मकबूल फिदा हुसेन जन्मले पंढरपुरात पण वाढले इंदुरात, चित्रकलेचे धडे इथल्या देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत घेतले, जिथं आपले ना. श्री. बेंद्रेही शिकले. हुसेन यांचे ते जगभर गाजलेले घोडे, त्यांची एक मुळी लहानपणी बघितलेल्या मोहरमच्या दुलदुलात आहे असं ते स्वतः सांगायचे. लाखाकोटींत विकलेलं कॅनव्हास आणि चौकात रुपयांत मिळणारं पोस्टर यांचं नातं हे असं आहे.

काठीवर हाताचा पंजा असतो तो काय? निवडणुकीचा का?

नाही हो, त्याच्या कितीतरी आधीचा. पाच बोटं म्हणजे पंजतन, पैगंबर मुहम्मद, त्यांची मुलगी फातिमा, जावई अली आणि नातू हसन, हुसैन. पण पंजा जेव्हा निशाणाच्या काठीवर, म्हणजे अलमवर असतो तेव्हा आठवण येते अब्बासची. अब्बास हुसैनांचे सावत्र भाऊ, करबलात निशाण त्यांच्या हातात होतं. लहान पोरं तहानेनं तडफडत होती म्हणून पखाल, पाण्याची चामडी पिशवी, घेऊन नदीवर गेले, परत येताना आधी एक हात तुटला मग दुसरा. त्यामुळे कधी पंजाच्या शेजारी चामड्याची पखाल काढलेली दिसेल, बाण लागून पाणी सांडणारी. पखालीचं चित्र दिसलं की अब्बास, एवढं लक्षात ठेवा. मोहरमात जागोजागी सबील लागते, सरबत, दूध, पाणी वाटतात, ते याच तहानेपायी.

महाराष्ट्रातून आलेल्या जुन्या मराठी घरांना हे नवीन नाही, गावाकडे पंजे बसायचे, डोले निघायचे, आणि ताबुतांना नवस बोलणारे हिंदूच जास्त असायचे.

इंदूरचा सरकारी ताजिया, त्यात सरकार कुठलं?

होळकर सरकार. राजवाड्याजवळच्या इमामबाड्यात, म्हणजे मोहरमच्या शोकासाठीच्या वास्तूत, तो बनतो, संस्थान असतानाची पद्धत अजून चालू आहे, आणि मग करबला मैदानाकडे जातो. ताजिया म्हणजे हुसैनांच्या करबलातल्या रोज्याची, कबरीवरच्या इमारतीची, प्रतिकृती. इराणात ताजिया म्हटलं की नाटक, आपल्याकडे इमारत, बांबू, कागद, अभ्रक, चमकीची. चांगला कारागीर खऱ्या रोज्याचा फोटो समोर ठेवून बसत नाही, मजले, छत्र्या, जाळ्या सगळं आपल्या मनाचं, त्यामुळे इंदूरच्या ताजियात राजवाड्याचे सज्जे दिसले तर नवल वाटून घेऊ नका.

काबा आणि हिरवा घुमट जोडीनं का असतात?

काळा चौकोन म्हणजे मक्केतला काबा, ज्या दिशेला तोंड करून नमाज होते तो. त्यावरची काळी रेशमी चादर म्हणजे गिलाफ, दर वर्षी बदलतात, वरचा सोनेरी पट्टा म्हणजे कुराणातल्या आयती. हिरवा घुमट मदिनेतला, खाली पैगंबरसाहेबांची कबर, शेजारी अबू बक्र आणि उमर. घुमट पहिल्यांदा १२७९ मध्ये बांधला पण हिरवा रंग लागला १८३७ मध्ये, म्हणजे जो हिरवा रंग आपण अनादि काळापासूनचा समजतो तो दोनशे वर्षांचासुद्धा नाही.

पोस्टर किती जुनं हे विचारायला लोक येतात, खासकरून आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं असलं की. काब्याच्या मागे बघा. तो घड्याळाचा अजस्र टॉवर, ६०१ मीटर उंच, २०१२ मध्ये पूर्ण झाला, तो दिसला की पोस्टर नवीन. मागे नुसते डोंगर आणि छोटी घरं असतील, अंगण अरुंद असेल, तर जुन्या फोटोवरून केलेलं. पण हीही पक्की खूण नाही कारण आपले छापणारे तीस वर्षं तेच निगेटिव्ह चालवतात, आणि गिऱ्हाइकालाही जुनंच दृश्य आवडतं, टॉवरवालं दाखवलं की म्हणतात भिया वो पुराना वाला दो ना, बिल्डिंग नहीं चाहिए.

वाघावर बसलेले बाबा, हातात सापाचा चाबूक. हे तर चांगदेव झाले?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. आपल्याकडे चांगदेव वाघावर बसून, साप चाबकासारखा धरून ज्ञानेश्वरांना भेटायला आळंदीला आले आणि ज्ञानेश्वर भावंडांसकट बसलेली भिंतच चालवत सामोरे गेले. तीच गोष्ट तुर्कस्तानात हाजी बेकताश यांच्याबद्दल सांगतात, समोरून सिंहावर बसून साप हाताळत एक पीर आले आणि हे भिंतीवर बसून पुढे झाले. जनावर हुकमात ठेवणाऱ्यापेक्षा निर्जीव भिंत चालवणारा मोठा, मुद्दा तोच. कोणी कोणाकडून घेतली यावर भांडायचं असेल तर खुशाल भांडा, मला इतकंच दिसतं की साधू, फकीर, व्यापारी एकाच रस्त्यानं चालायचे आणि गोष्टी त्यांच्या झोळीतून जायच्या. बंगालात वाघावर बसणारे गाजी पीर आहेत, त्यांची लांबच लांब पटचित्रं व्हायची. दत्तगुरू मलंग फकिराच्या वेशात एकनाथांसमोर आले ही आपलीच कथा.

तेव्हा वाघावर बसलेले कुठले बाबा हे नुसत्या चित्रावरून कळत नाही, खाली दर्ग्याचं नाव वाचायचं. अक्षरांनीच सिंह काढलेला असेल तर मात्र वेगळं, तो हजरत अलींचा, त्यांना शेर-ए-खुदा, देवाचा सिंह, म्हणतात. दोन टोकांची तलवार दिसली तर तीही त्यांचीच, जुल्फिकार.

नदीत बुडालेल्या वरातीची होडी, बाहेर ओढणारे बुजुर्ग?

बगदादचे अब्दुल कादिर जिलानी, गौस पाक. एका म्हातारीच्या मुलाची वरात नदीत बुडाली होती, बारा वर्षांनी त्यांच्या दुव्यानं ती नवरा-नवरीसकट जशीच्या तशी वर आली, अशी करामत लोक सांगतात. खूप खपायचं हे पोस्टर. यांच्या नावाचा दिवस, ग्यारवी, दर वर्षी रबी-उल-आखरच्या ११ तारखेला.

७८६ म्हणजे नेमकं काय?

अरबी अक्षरांना ठरलेल्या किमती आहेत, अलिफ १, बे २, असं करत हजारापर्यंत. बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम यातल्या अक्षरांची बेरीज ७८६ येते. वही, बिल, टेम्पो, नोट कुठेही पवित्र शब्द लिहिला तर तो पायाखाली जाऊ शकतो, म्हणून आकडा. मुहम्मद या नावाची बेरीज ९२, तोही आकडा स्टिकरवर दिसतो. आकड्यानं बिस्मिल्लाह होत नाही असं सांगणारे उलेमाही खूप आहेत. इंदुरात ७८६ सिरियलची नोट जपून ठेवणारे हिंदू दुकानदार मी भरपूर बघितलेत.

चपलेचं चित्र भिंतीवर? अपमान नाही का?

उलट आहे. ती पैगंबरसाहेबांच्या चपलेची आकृती, नालैन, टोपीवर, बिल्ल्यावर, गाडीच्या काचेवर असते. आपल्याकडे पादुका डोक्यावर घेतात त्याला कोणी अपमान म्हणत नाही, भाव तोच.

चंद्र-तारा इस्लामचं मूळ चिन्ह आहे ना?

नाही. उस्मानी तुर्कांच्या निशाणावरून पसरलं, धर्मग्रंथात असं चिन्ह सांगितलेलं नाही. हिरव्या रंगाला मात्र आधार आहे, कुराणात जन्नतमधल्या लोकांचे कपडे हिरवे सांगितलेत.

बोहरा घरात तर चक्क माणसाचा फोटो असतो?

हो, सय्यदनासाहेबांचा, दाऊदी बोहरांचे धर्मगुरू. इंदुरात बोहरा वस्ती मोठी, त्यामुळे आमच्याकडे हे काम भरपूर येतं. तो फोटो आहे, पोस्टर नाही, आणि त्यांना फ्रेम उंची लागते, पातळ सोनेरी पट्टी, पांढरा माउंट म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, काचेवर एक डाग चालत नाही. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांचेही खरे फोटो आहेत, १९२५ मध्ये ते गेले, आणि ते फोटो नागपूरकडच्या मराठी घरांत देव्हाऱ्याशेजारी लावलेले दिसतात.

गुलाब, कबुतरं, मेणबत्त्या, दुवा मागणारी छोटी पोरगी, याला काही अर्थ असतो की नुसती सजावट?

गुलाबाला असतो, त्याचा सुवास पैगंबरांशी जोडतात. कबुतर आणि कोळ्याचं जाळं एकत्र असेल तर ती गुहेची गोष्ट, मक्का सोडताना पैगंबर ज्या गुहेत थांबले तिच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं, कबुतरानं घरटं केलं आणि पाठलाग करणारे फसले. दिव्याला कुराणातल्या नूरच्या, म्हणजे प्रकाशाच्या, आयतीचा आधार आहे. दुवावाली पोरगी मात्र सरळ कॅलेंडरच्या गोंडस बाळांच्या खानदानातली, गोरीपान, निळे डोळे, फक्त डोक्यावर ओढणी. तिच्यात अर्थ शोधू नका.

अल्लाह आणि मुहम्मद अशा दोन फ्रेम आहेत, कुठली कुठं लावायची? सुलट कसं ओळखायचं?

समोर उभं राहिल्यावर तुमच्या उजव्या हाताला अल्लाह, डाव्या हाताला मुहम्मद, कारण वाचायचं उजवीकडून. भेट द्यायला मराठी लोक अशी जोडी घेतात आणि घरी सांगायला कोणी नसतं म्हणून लिहितोय. अल्लाह ओळखायची सोपी खूण, उजव्या टोकाला एकटी उभी रेघ, तिच्या डावीकडे जोडलेल्या दोन उभ्या रेघा आणि अगदी डावीकडे गोल गाठ. उभ्या रेघा वर जायला हव्यात. एकटी रेघ डावीकडे आली तर प्रिंट आरशासारखी उलटी झालीय, मागच्या बाजूनं छापलीय. काही जुन्या नक्षीत मात्र एकच शब्द मुद्दाम समोरासमोर दोनदा लिहितात, आरशात पडल्यासारखा, ती चूक नाही.

फ्रेमवाल्याला एक सांगून ठेवा, अक्षराच्या कडेला माउंट येता कामा नये. ठिपका झाकला गेला तर अक्षर बदलतं.

जुनं पोस्टर फाटलं, काच फुटली. टाकायचं कसं?

कचऱ्यात नाही आणि रद्दीत तर अजिबात नाही. आयत किंवा नाव लिहिलेला कागद पायाखाली न येणाऱ्या जागी पुरतात नाहीतर वाहत्या पाण्यात सोडतात, बऱ्याच मशिदींत आणि दर्ग्यांत अशा कागदांसाठी वेगळी पेटी असते, इकडे खजराण्याला नाहर शाह वलींच्या दर्ग्यावर गेलात तर तिथल्या खादिमांना, सेवेकऱ्यांना, विचारा. आमच्याकडे दुरुस्तीला आलं आणि कागद वाचण्यासारखा नसला तर आम्ही फ्रेम, काच, हार्डबोर्ड वेगळं करतो आणि कागद गुंडाळी करून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, स्वतः टाकत नाही. फक्त जुनी ग्लिटरवाली असली तर घरी नेताना प्लास्टिकच्या पिशवीत घाला, चमकी आठवडाभर निघत नाही.